मित्रांचा ‘मार्च मॅडनेस’ पूल: आधी गुणांची पट्टी ठरवा, मग माणसं जमवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वीसेक मित्रांचा गट, बरेचसे अमेरिकेत, एकदोन लंडनला, दोनतीन पुण्यात. मार्चमधल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेवर (तिलाच ‘मार्च मॅडनेस’ म्हणतात) ब्रॅकेट पूल चालवायचा आहे, म्हणजे प्रत्येकाने सगळ्या सामन्यांचे विजेते आधीच एका तक्त्यात, ब्रॅकेटमध्ये, भरायचे आणि बरोबर अंदाजांना गुण; माणशी दहा डॉलर. नियम काय ठेवावेत आणि गडबड कुठे होते?

गडबड बहुतेक वेळा बास्केटबॉलमुळे होत नाही. आधी लिहून न ठेवलेल्या नियमामुळे होते. आणि नियमांत सगळ्यात जास्त परिणाम गुणांच्या पट्टीचा होतो, कारण लोक ब्रॅकेट कसा भरतील आणि तिसऱ्या आठवड्यात किती जण जागे असतील हे तीच ठरवते. म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

स्पर्धेत ६८ संघ असतात. मंगळवार-बुधवारी ओहायोतल्या डेटनला ‘फर्स्ट फोर’चे चार सामने होतात आणि ६४ संघ उरतात. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ असं मानांकन, म्हणजे सीड. तिथून विजेत्यापर्यंत ६३ सामने. सगळे बरोबर ओळखणं हे ध्येयच ठेवू नका. दोनाचा त्रेसष्टावा घात म्हणजे सुमारे ९२ परार्ध वेगवेगळे ब्रॅकेट होतात. अंकलिपीतल्या शेवटच्या शब्दाचा उपयोग करायची संधी एरवी कुठे मिळते! पूलमध्ये जिंकायचं म्हणजे उरलेल्या एकोणीस जणांपेक्षा कमी चुकायचं, एवढंच.

सर्वांत रुळलेली पट्टी १-२-४-८-१६-३२. पहिल्या फेरीत बरोबर उत्तराला एक गुण, मग दर फेरीला दुप्पट. प्रत्येक फेरीत एकूण ३२ गुण पणाला लागतात, सहा फेऱ्यांचे १९२. इएसपीएनवर हीच पट्टी दहापट करून वापरतात, तिथे कमाल १,९२०. दिसायला समतोल, पण एक हिशेब करून पाहा: तुम्ही निवडलेला विजेता खरंच जिंकला तर तो एकटा संघ तुम्हाला १+२+४+८+१६+३२ म्हणजे ६३ गुण देतो. एकूण गुणांचा जवळपास तिसरा हिस्सा. वीस जणांत सात जणांनी एकच विजेता धरला आणि तो दुसऱ्या फेरीत गारद झाला, तर ते सातही जण पहिल्या रविवारीच जवळजवळ संपले. ग्रुपवर शांतता पसरते ती अशी.

वीसच्या आसपास माणसं असतील तर २-३-५-८-१३-२१ ही पट्टी जास्त बरी. एकूण गुण २३१, आणि विजेता संघ सगळ्या फेऱ्या मिळून ५२ देतो, म्हणजे साधारण साडेबावीस टक्के. विजेता ओळखणाऱ्याला मोठा फायदा राहतो, पण पहिल्या फेरीत ३२ पैकी २६ बरोबर आणणाऱ्यालाही शेवटपर्यंत जागा राहते. शंभराहून मोठा पूल असेल तर मात्र दुप्पट पट्टीच ठेवा. तिथे फरक पडायला मोठे आकडे लागतात, नाहीतर पहिले दहा जण दोन-तीन गुणांत अडकून बसतात.

आता अपसेटचा, म्हणजे खालच्या सीडने वरच्याला हरवल्याचा, बोनस. उत्साही संयोजक इथेच हमखास चुकतो. ‘जिंकलेल्या संघाचा सीड गुणांत मिळवा’ हा नियम ऐकायला मजेदार आहे. १९८५ पासून, म्हणजे ६४ संघांची रचना आल्यापासून, १२व्या सीडने ५व्याला हरवण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्के आहे. मूळ एक गुण अधिक सीड असं धरलं तर १२वर बोट ठेवणाऱ्याची सरासरी कमाई ०.३५ गुणिले १३, म्हणजे साडेचार. ५वर ठेवणाऱ्याची ०.६५ गुणिले ६, म्हणजे ३.९. थोडक्यात, ज्याला हिशेब येतो तो चारही विभागांत डोळे झाकून १२ धरणार, आणि ११ विरुद्ध ६मध्येही तेच. मग बास्केटबॉल पाहायचं कारणच उरत नाही.

बोनस हवाच असेल तर मूळ गुण दहापट ठेवा (१०-२०-४०…) आणि अपसेट झाला तर दोन सीडमधला फरक बोनस म्हणून द्या. आता १२ची सरासरी ०.३५ गुणिले १७, म्हणजे सहाच्या किंचित खाली, ५ची साडेसहा. ११ आणि ६ तर जवळपास बरोबरीत येतात. निर्णय खरा होतो, डोकं लागतं. १३ आणि त्याखालचे संघ मात्र या पट्टीतही तोट्याचेच राहतात, आणि ते योग्यच आहे. १५व्या सीडने दुसऱ्याला २०२५ पर्यंतच्या १६० सामन्यांत ११ वेळाच हरवलं आहे. १६व्याने पहिल्याला दोनदाच: २०१८मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला ७४-५४, आणि २०२३मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८. हे दोन्ही सामने सगळ्यांच्या लक्षात असतात, म्हणूनच दरवर्षी कोणीतरी १६वा धरतो. धरू द्या.

बोनस ठेवलात तर आणखी एक वाक्य लिहावंच लागतं. तुम्ही १२वा ४थ्याला हरवेल असं धरलं होतं, पण ४था आधीच १३व्याकडून हरला, आणि १२व्याने १३व्याला हरवलं. बोनस कशावर, तुमच्या कागदावरच्या प्रतिस्पर्ध्यावर की प्रत्यक्षातल्या? प्रत्यक्षातला धरा, म्हणजे इथे बोनस शून्य, पण मूळ गुण पूर्ण. बोनस फक्त पहिल्या दोन फेऱ्यांपुरता ठेवला तर हा घोळ बराच कमी होतो.

मूळ गुणांबद्दलही हे स्पष्ट असू द्या: गुण संघ पुढे गेल्याचा मिळतो, समोर कोण होतं याला महत्त्व नाही. नव्या माणसाला वाटतं की दोन्ही संघ बरोबर असले तरच गुण.

आता वेळ. संघ आणि त्यांच्या जोड्या रविवारी संध्याकाळी जाहीर होतात, पूर्व किनाऱ्याच्या सहाच्या सुमारास. मुख्य फेरीचा पहिला सामना गुरुवारी दुपारी बाराच्या थोडं पुढे. मध्ये जेमतेम नव्वद तास मिळतात, म्हणून नियमांचा कागद त्या रविवारच्या आधीच फिरलेला हवा. नंतर कोणी वाचत नाही. कुलूप लावायची, म्हणजे ब्रॅकेट बदलणं बंद करायची, वेळ एकच, आणि ती पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने लिहा: गुरुवार, दुपारी १२. त्यासमोर भारताची वेळ रात्री ९:३०. अमेरिकेची घड्याळं तोवर एक तास पुढे गेलेली असतात, त्यामुळे फरक साडेनऊ तासांचा. लंडनवाल्यांना मात्र वेगळं सांगा. ब्रिटनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे नेहमीचा पाच तासांचा फरक मधल्या दोन-तीन आठवड्यांत चारच असतो. म्हणजे त्यांच्याकडे कुलूप दुपारी ४ला, पाचला नव्हे. ‘माझ्याकडे अजून तास होता’ ही तक्रार नेमकी तिथूनच येते.

फर्स्ट फोर पूलमध्ये मोजू नका. ते मोजायचं तर कुलूप मंगळवारी लावावं लागतं आणि निम्मे लोक हुकतात. त्या जागी ‘अमुक किंवा तमुक’ अशी जोडी धरायची. जो जिंकेल तो तुमचा. पण ही जागा दुर्लक्षित करण्यासारखी नसते, हे गटाला सांगून ठेवा. २०११चा व्हीसीयू आणि २०२१चा यूसीएलए हे दोघेही ११वे सीड असून फर्स्ट फोरमधून थेट अंतिम चारपर्यंत गेले.

भरायचं कुठे? तयार संकेतस्थळ वापरा. इएसपीएन, याहू, सीबीएस तिन्हीकडे खासगी गट काढता येतो, कुलूप आपोआप लागतं आणि कुलुपाआधी इतरांचे ब्रॅकेट सहसा दिसत नाहीत. पट्टी आणि बोनस किती बदलता येतो हे ठिकाणागणिक वेगळं असतं, म्हणून आधी पट्टी ठरवा आणि मग ती जिथे बसते ते ठिकाण निवडा. उलटं केलंत तर संकेतस्थळ देईल ती पट्टी गळ्यात पडते. माणशी किती ब्रॅकेट चालतील तेही ठरवा. एक उत्तम, दोन चालतील. पाच भरू दिले तर पूल बुद्धीचा न राहता खिशाचा होतो.

स्वतःची एक्सेल शीट बनवायची हौस असेल तर चार गोष्टी सांभाळा. विभागातला क्रम वरून खाली असा असतो: १-१६, ८-९, ५-१२, ४-१३, ६-११, ३-१४, ७-१०, २-१५. हा क्रम चुकला की दुसऱ्या फेरीच्या जोड्याच चुकतात. दुसरं, उपांत्य फेरीत कोणता विभाग कोणाशी भिडणार हे दरवर्षी बदलतं. चार अव्वल संघांतला एकूण पहिला आणि चौथा एका बाजूला येतील असं पाहून ते ठरवतात. मागच्या वर्षीची शीट तशीच वापरणाऱ्याला हे पंधरा दिवसांनी, उपांत्य फेरीच्या शनिवारी कळतं. तिसरं, लोकांना संघांची नावं टाइप करू देऊ नका. मायामी दोन आहेत, एक फ्लोरिडातलं आणि एक ओहायोतलं. ‘सेंट’ कोणी पूर्ण लिहितो, कोणी तुटक. यूएससी म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया की साउथ कॅरोलिना यावर भांडण होतं. जुळणी अक्षरावर होत असल्याने सूत्र शून्य गुण देतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यापेक्षा ‘पूर्व-१२’, ‘दक्षिण-३’ असे संकेत ठेवा आणि निवड यादीतूनच करू द्या. चौथं, निकालाचा एकच रकाना ठेवा आणि सगळ्यांचे गुण त्याच्याशी ताडून निघू द्या. वीस पानांवर हाताने गुण भरलेत तर एखादं पान चुकणारच.

शीटच्या पद्धतीत संयोजकाला इतरांचे ब्रॅकेट आधी दिसतात, हा खरा दोष. तोड सोपी आहे: संयोजकाने स्वतःचा ब्रॅकेट बुधवारी रात्रीच ग्रुपवर टाकावा. आणि कुलूप लागल्यावर, पहिली बास्केट पडायच्या आत, सगळ्यांच्या निवडींची एक पीडीएफ सर्वांना पाठवावी. त्यानंतर ‘मी तर ड्यूक लिहिलं होतं’ याला जागा राहत नाही.

पैशांच्या बाबतीत भिशीचा नियम लावा: आधी भरा, मग बसा. कुलुपाच्या क्षणी ज्याचे पैसे आलेले नाहीत त्याचा ब्रॅकेट बक्षिसाच्या यादीत नाही. हे कठोर वाटतं, पण पहिल्या रविवारी पैसे न भरलेला माणूस पहिल्या क्रमांकावर असतो तेव्हा दोन्ही बाजूंनी अवघड होतं. तो आता भरेल, पण तळाला असता तर भरले असते का, हा प्रश्न इतर विचारणारच. वीस जणांचे २०० डॉलर झाले तर ११०, ५०, ३० आणि शेवटच्याला त्याचे १० परत, अशी वाटणी चांगली चालते. शेवटच्याला दहा डॉलर परत मिळत असतील तर तळाची चुरसही पाहण्यासारखी होते. संयोजकाने मेहनतान्याचा एक डॉलरसुद्धा ठेवू नये. अमेरिकेत राज्यागणिक कायदा वेगळा आहे, आणि अनेक राज्यांत मित्रांच्या आपसातल्या खेळाला मिळणारी सूट चालवणारा काही कापून घेत नाही यावरच टिकते. आपल्या राज्याचा नियम वाचून घ्या. जिंकलेली रक्कम करपात्र उत्पन्न असते, ती कितीही छोटी असो.

तीन प्रकारची माणसं पैशाच्या यादीत नकोत. पहिली, कुठल्याही खेळातले कॉलेज खेळाडू आणि कॉलेजच्या क्रीडाविभागातले कर्मचारी. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचा नियम त्यांना प्रवेशशुल्काच्या ब्रॅकेट पूललाही मनाई करतो. ग्रुपमधल्या कोणाची मुलगी कॉलेजसाठी टेनिस खेळत असेल तर तिलाही तो लागू आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक रिक न्यूहायझल यांची नोकरी २००३मध्ये अशाच बास्केटबॉल पूलवरून गेली होती. दुसरी, अमेरिकेच्या केंद्र सरकारचे नोकर: सरकारी जागेत किंवा कामावर असताना त्यांना जुगार वर्ज्य आहे, म्हणून ऑफिसातल्या कागदावर त्यांचं नाव नको. तिसरी, भारतातली मंडळी. परकीय चलनाच्या २०००च्या नियमांत लॉटरी, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक यांसाठी बाहेर पैसे पाठवायला सरळ मनाई आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. ‘माझ्या वतीने तू भर, मी आल्यावर देईन’ हाही मार्ग नको. पुण्याच्या भावाला फुकट खेळू द्या. शीटवर दोन याद्या ठेवा, एक मानाची आणि एक पैशांची. तो मानाच्या यादीत पहिला आला तर वर्षभर मिरवू दे.

बरोबरी सोडवायला अंतिम सामन्याच्या दोन्ही संघांच्या एकूण गुणांचा अंदाज घेतात. यात दोन गोष्टी लिहा. एक, सर्वांत जवळचा जिंकेल, वर असो वा खाली. दोन, जादा वेळ धरूनचे गुण. २०१९च्या अंतिम सामन्यात व्हर्जिनिया आणि टेक्सास टेक नियमित वेळेत ६८-६८ होते, म्हणजे १३६. जादा वेळेनंतर ८५-७७, म्हणजे १६२. हे आधी लिहिलेलं नसेल तर दोन जण दोन आकडे घेऊन उभे राहतात. अंदाज द्यायचा तर १४०च्या आसपास राहावं: २०२२ला १४१, २०२३ आणि २०२४ला १३५, २०२५ला १२८. पण २०११मध्ये कनेक्टिकट आणि बटलर मिळून ९४वरच थांबले होते. तरीही बरोबरी राहिली तर बक्षीस निम्मं-निम्मं. तिसरा निकष शोधत बसू नका.

सामनाच झाला नाही तर? २०२१मध्ये कोव्हिडमुळे व्हीसीयू-ऑरेगन सामना रद्द झाला आणि ऑरेगन न खेळता पुढे गेला. नियम असा लिहा: अधिकृतपणे जो पुढच्या फेरीत जातो तो विजेता, कारण काहीही असो. आणि अख्खी स्पर्धाच रद्द झाली, २०२०सारखी, तर पैसे परत. उलट, शिट्टी वाजल्यावरचा निकाल आमच्यासाठी कायम, हेही लिहा. लुईव्हिलचं २०१३चं विजेतेपद एनसीएएने २०१८मध्ये काढून घेतलं. पाच वर्षांपूर्वीचे दहा डॉलर परत मागणारा विनोदवीर प्रत्येक ग्रुपमध्ये असतो.

स्पर्धा चालू झाल्यावर रोज दोनदा गुणतक्ता टाकायची गरज नाही. पहिल्या दोन दिवसांत ३२ सामने होतात, तेव्हा रात्री एकदा पुरे. फक्त गुण दाखवू नका. प्रत्येकाचे आणखी किती गुण मिळू शकतात, म्हणजे त्याचे अजून जिवंत असलेले संघ धरून कमाल किती होतील, हा रकाना शेजारी हवाच. पहिला असलेल्याचा विजेता बाहेर गेलेला असतो आणि नववा खरा दावेदार असतो, हे त्याशिवाय दिसत नाही. अंतिम चार उरले की तीनच सामने राहतात, म्हणजे आठच शक्यता. आठ ओळींचा तक्ता करा, प्रत्येक ओळीत ‘असं झालं तर पहिला कोण, दुसरा कोण’. ही पूलमधली सर्वांत जास्त वाचली जाणारी गोष्ट असते. भारतात अंतिम सामना मंगळवारी सकाळी सहा-साडेसहाला सुरू होतो, तो तक्ता चहासोबत समोर असला की झालं.

पहिल्या आठवड्यात बुडालेल्यांसाठी सोळा संघ उरल्यावर दुसरा डाव मांडा. रविवार रात्र ते गुरुवार संध्याकाळ एवढा वेळ मिळतो, १५ सामने, पट्टी १-२-४-८. तीन-चार डॉलरचा किंवा फुकटचा ठेवा. यात नवखे लोक जास्त रमतात, कारण ६४ अनोळखी नावांपेक्षा १६ संघ दोन सामने पाहून समजलेले असतात.

माणसं आठच असतील तर ब्रॅकेट सोडूनच द्या आणि लिलाव करा. याला अमेरिकेत ‘कलकत्ता’ म्हणतात. कलकत्त्याच्या टर्फ क्लबच्या शर्यतीवरच्या स्वीपवरून ते नाव आलं. एकेक संघ बोलीला लावायचा, प्रत्येक विभागातले १३ ते १६ एकत्र गठ्ठा म्हणून. जमलेल्या रकमेतून पहिल्या फेरीच्या विजयाला पाऊण टक्का, मग दीड, दोन, तीन, पाच आणि विजेतेपदाला चौदा टक्के असं दिलं तर बेरीज बरोबर शंभर होते. विजेत्या संघाच्या मालकाला एकूण सव्वासव्वीस टक्के मिळतात. एक धोका मात्र आहे: बोलीत रक्कम हां हां म्हणता फुगते. म्हणून माणशी खर्चाची मर्यादा बोली सुरू व्हायच्या आधी ठरवा आणि खऱ्या डॉलरऐवजी शंभर-शंभर टोकन वाटा.

महिलांच्या स्पर्धेचा पूलही याच शीटवर चालतो. २०२२पासून तिथेही ६८ संघ आहेत. तिथे पहिल्या दोन फेऱ्या वरच्या १६ संघांच्या घरच्या मैदानावर होतात, त्यामुळे अपसेट कमी आणि सगळ्यांचे पहिल्या फेरीचे कागद जवळपास सारखे. अपसेट बोनसने तिथे काही हलत नाही. पहिल्या फेरीचे गुण निम्मे करा आणि फरक उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे पडू द्या.